कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार

(हार्डवेअरच्या दुकानात, सकाळी. काकू पिशवीतून हातकुऱ्हाड काढून दाखवताहेत; काका मागे उभे आहेत.)

काकू : ...आणि तिसऱ्याच घावाला असं झालं हो. बघा, इथे दाते पडलेत, इथे धार मुडपलीय. चार दिवसांपूर्वीच नेली तुमच्याकडून. बदलून द्याल का?

दुकानदार : दगडावर बसली का काकू?

काकू : छे हो! परसातल्या वाळक्या फांद्या. माझ्या मनगटाएवढ्यासुद्धा नाहीत.

काका : तिला काय विचारता? मी तोडत होतो.

दुकानदार : थांबा, ही आमचीच ना? आम्ही देतो ती बोथट असते, लोक घरी नेऊन थोडी घासून घेतात. हिला एवढी धार कुणी लावली?

काकू : ह्यांनीच. दोन संध्याकाळी बसले होते. आधी खरखरीत दगड, मग गुळगुळीत, मग कातडी पट्टा.

दुकानदार : कुऱ्हाडीला पट्टा?

काका : चाळीस वर्षं सलून चालवलंय. पट्ट्याशिवाय धार ती काय धार? हे बघा, मनगटावरचे केस साफ उतरले.

दुकानदार : अहो काका, फांद्या तोडायच्या होत्या की त्यांची दाढी करायची होती?

काकू : हसू नका हो. आठ दिवस दुकान बंद आहे ह्यांचं.

काका : अगं, ते कशाला इथे?

काकू : बोलू द्या मला. एका गिऱ्हाइकाच्या गालाला लागलं, जरासं रक्त आलं. तेव्हापासून ह्यांचं एकच म्हणणं, माझा हात गेला. मनाशी ठरवून बसले की ही धार साधली तर दुकान उघडायचं, नाहीतर पुतण्याला किल्ली देऊन टाकायची. हे मला कधी सांगितलं? आज, फांद्या तशाच टाकून आत आल्यावर! मी आपली समजत होते, नुसतं सरपण तोडताहेत.

काका : तीन घावांत कळलं. संध्याकाळी किल्ली देतो.

काकू : म्हणून विचारते, कुऱ्हाडच वाईट निघाली असेल ना? स्वस्तातलीच होती. सांगा ना तसं ह्यांना.

दुकानदार : स्वस्तातली आहे, वाईट नाही. पण ह्या लोखंडाला इतकी पातळ धार पेलत नाही काकू. कुऱ्हाडीची धार जाड हवी, पाचरीसारखी. काकांनी फार बारीक लावली, म्हणून मोडली.

काका : म्हणजे चांगली लागली म्हणून वाया गेली?

दुकानदार : तसंच म्हणा.

काका : मग हात चांगला की वाईट?

दुकानदार : धार लावणारा तर चांगलाच. जिथे मोडली नाही तिथे अगदी एका रेषेत आहे बघा.

काका : मग गाल कसा कापला? वस्तऱ्यात हल्ली तयार ब्लेड असतं. ती धार माझी नव्हतीच.

काकू : गिऱ्हाईकच हललं असेल.

काका : तू होतीस तिथे?

काकू : नव्हते.

काका : मी होतो, आणि मलाही आठवत नाही. आधी तो हलला, की आधी माझा हात? आठ दिवस तेवढंच घोळतंय डोक्यात.

काकू : मग आता काय समजायचं आम्ही? किल्ली द्यायची की नाही द्यायची?

दुकानदार : मला विचारता काकू? मी खिळे विकणारा माणूस. ही कानशीनं जाड करून देतो, सरपणाला चालेल. बाकी... माझी दाढी चार दिवसांची झालीय. उद्या सकाळी येऊ का काका?

काका : आत्ता सगळं ऐकलंत ना?

दुकानदार : ऐकलं.

काका : तरी?

दुकानदार : भीती वाटतेय थोडी. पण येतो.

काकू : अहो, काहीतरी बोला की.

काका : साडेसातला या. आणि एकदा मान धरली की बोलायचं नाही.