पट्टीआडचं इंजिन

बाबा : हे म्हणजे काय?

मुलगी : हे म्हणजे हे, बाबा. हे असं खाली येतं, मग ते उघडतं, मग हे परत असं वर जातं.

बाबा : पोरी, माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे.

मुलगी : अगं बाई. हो की.

बाबा : मघापासून तुझ्या हातांचा वारा तेवढा लागतोय. बाकी काही कळलं नाही.

मुलगी : मागच्या वेळी हेच झालं. टेबलापलीकडे तीन परीक्षक. मी हातांनी सगळं इंजिन उभं केलं त्यांच्यासमोर. मधले म्हणाले, ‘हात मांडीवर ठेवा आणि नावं घेऊन सांगा. ही थिअरी आहे.’ हात मांडीवर ठेवले आणि तोंड बंद पडलं.

बाबा : नावं येत नव्हती?

मुलगी : पुस्तकातली सगळी पाठ होती. पण गॅरेजमध्ये नाव घेतं कोण? उस्ताद गाडीखालून हात बाहेर काढतात, म्हणतात, ‘तो दे.’ मी तो देते. आजवर कधी चुकीचा ‘तो’ दिलेला नाही.

बाबा : उद्या तुझे उस्ताद टेबलाखाली नसणार.

मुलगी : घाबरवू नका. उद्या गेले तर गेलेच. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. उमेदवारी रद्द, आणि मी परत त्या सुट्या भागांच्या दुकानात. काउंटरमागे. खोकी पुसत.

बाबा : मग आज मला आत घेऊन जा.

मुलगी : कुठे आत?

बाबा : इंजिनात. जन्मभर टॅक्सी चालवली, पण बॉनेट उघडून पाणी घालण्यापलीकडे आत गेलो नाही. आता नाहीतरी मला सगळा अंधार आहे. तिथेही अंधारच असेल ना?

मुलगी : अंधारच आहे. पण दोन्ही डोळे का बांधले हो तुमचे? ऑपरेशन तर एकाचंच.

बाबा : डॉक्टर म्हणाले, एक फिरला की दुसराही फिरतो.

मुलगी : म्हणजे पुढच्या चाकांसारखं. मध्ये टाय रॉड असतो.

बाबा : बघ, आलं की नाव! चल. मी पेट्रोलचा थेंब झालो. तुझी आई म्हणायचीच, तुमच्या उशीलासुद्धा पेट्रोलचा वास येतो. कुठे आहे मी?

मुलगी : टाकीत. गार आहे. तुमच्यासारखे खूप जण आहेत. गाडी वळली की सगळे एका बाजूला कलंडता.

बाबा : टॅक्सीतल्या गिऱ्हाइकांसारखे.

मुलगी : हं. आणि तुमच्या मधोमध एक पंप बसलाय. बुडालेला. तो तुम्हाला वर ढकलतो आणि तुम्ही त्याला गार ठेवता. म्हणून टाकी फार रिकामी ठेवून गाडी चालवू नये. पंप तापतो.

बाबा : मी तर कायम काटा तळाला टेकवूनच चालवली.

मुलगी : तुमची गाडी जुनी होती. तिचा पंप बाहेर, इंजिनाला लावलेला. तुमचं पाप माफ.

बाबा : उपकार झाले. पुढे?

मुलगी : फिल्टर. कागदाच्या घड्या आहेत, त्यातून झिरपता. कचरा मागे राहतो, तुम्ही स्वच्छ होऊन निघता. मग गाडीच्या पोटाखालून लांब नळी. खाली रस्ता पळतोय, तुम्हाला नुसता त्याचा आवाज येतोय.

बाबा : येतोय. ओला रस्ता आहे. पुढे?

मुलगी : इंजेक्टर. बंद दार. गाडीतला संगणक ठरवतो कधी उघडायचं आणि किती वेळ. पापणी लवते ना, त्याहून कितीतरी कमी वेळ उघडतं.

बाबा : पापणीचं नाव काढू नकोस, खाज सुटते.

मुलगी : आणि दारातून बाहेर पडताना तुम्ही थेंब राहत नाही. धुकं होता.

बाबा : धुकं?

मुलगी : धुकं. समोरून हवा येते, तीही गाळलेली. तिच्यात मिसळता. मग इनलेट व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टन खाली जातोय, त्यानं जागा केलीय, तुम्ही त्या जागेत ओढले जाता.

बाबा : आवाज केवढा असेल.

मुलगी : बाहेरच्यांना. आत तुम्हाला... मला वाटतं, श्वास घेतल्यासारखा येत असेल. मग व्हॉल्व्ह मिटतो. पिस्टन वर येतो. छत जवळ येत चाललंय, बाबा. सगळं धुकं एवढ्याशा जागेत. गरम होतंय.

बाबा : हं. मग ठिणगी.

मुलगी : प्लगची. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी.

बाबा : आधी का? पोचू दे की बिचाऱ्याला.

मुलगी : कारण जाळ पसरायला वेळ लागतो. पोचल्यावर ठिणगी टाकली तर जोर यायच्या आत पिस्टन परत फिरलेला असतो. बाबा, हे मी हात न हलवता सांगितलं!

बाबा : वारा लागला नाही खरा. मग, मी जळालो?

मुलगी : जळालात. आणि जळता जळता पिस्टनला असं खाली ढकललंत की चार माणसं आणि सामान घेऊन गाडी चढ चढली.

आत्या : कोण जळालं गं?

मुलगी : बाबा, आत्या.

आत्या : मी चहा टाकायला गेले तेवढ्यात? दादा, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना? मान हलवायची नाही.

बाबा : मी कुठे हलतोय? मी धूर झालोय. तू बस तिथे गप. पोरीची उद्या परीक्षा आहे.

आत्या : परीक्षा तिची आणि धूर तुझा. बरं, बसले. चहा निवला तर मला बोलायचं नाही.

बाबा : पुढे सांग. दार उघडलं?

मुलगी : दुसरं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. पिस्टन वर येऊन तुम्हाला बाहेर लोटतो. बाहेर लगेच एक सेन्सर बसलाय, नळीत नाक खुपसून. ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि संगणकाला कळवतो. जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. मग पुढच्या वेळी ते दार जरा जास्त वेळ उघडं राहतं.

बाबा : म्हणजे मी गेल्यावर माझ्यावरून मागच्यांचं ठरतं.

मुलगी : हो. पुढे कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक वाटा, आणि भिंतींना महागड्या धातूचा हात दिलेला. तिथून जाताना तुमच्यातलं विष कमी होतं. बाहेर पडलात की पुन्हा एक सेन्सर.

बाबा : पुन्हा? पहिला आंधळा आहे का?

मुलगी : नाही, तो... हाच प्रश्न होता, बाबा. मागच्या वेळी. ‘दुसरा कशासाठी?’ गॅरेजमध्ये मी तो शंभरदा बदललाय. मी नुसतं इथून तिथे बोट फिरवलं.

बाबा : मला बोट दिसत नाही. मी पोळ्यातून बाहेर पडलोय आणि कोणीतरी मला परत हुंगतंय. का?

मुलगी : कारण... थांबा. आत शिरताना तुम्ही वेगळे होता. बाहेर पडताना वेगळे व्हायला हवं. पहिला इंजिनावर नजर ठेवतो. दुसरा इंजिनाचं बघतच नाही! तो बघतो कन्व्हर्टरनं काम केलं की नाही. दोघांनी हुबेहूब तेच सांगितलं, तर मधला कन्व्हर्टर मेला. एवढंच आहे हे! बाबा? बाबा, एवढंच होतं!

आत्या : हळू बोल. झोपला तो.

मुलगी : कधी?

आत्या : ‘मला का हुंगतंय’ म्हणाला आणि लगेच. बघ की, तोंड उघडं आहे.

मुलगी : पण सायलेन्सर राहिला, आत्या. ते अजून बाहेर पडलेच नाहीत.

आत्या : राहू दे आत. तिथे तरी मान हलवायचा नाही. घे, त्याचा चहा तू पी.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. तीच खोली, पडदे अर्धे ओढलेले. बाबांची पट्टी काढलेली.)

बाबा : दारातच थांब. बघू दे.

मुलगी : दिसते मी?

बाबा : कोणीतरी उभं आहे. काल म्हणालीस ना, धुकं. तसं.

आत्या : डॉक्टर म्हणाले, हळूहळू निवळेल. सकाळपासून खिडकीला मी समजून बोलतोय. तू आधी सांग, काय झालं?

मुलगी : तेच तिघे होते. मधल्यांनी मला ओळखलं. मी बसल्याबसल्या हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. ते म्हणाले, ‘बरं वाटत नाहीये का?’ म्हटलं, ‘बरी आहे, विचारा.’

बाबा : डोळे कशाला मिटलेस?

मुलगी : तुम्ही दिसावे म्हणून. पलंगावर, पट्टी बांधून. ते विचारत होते आणि मी तुम्हाला सांगत होते. कुठे ‘तो’ म्हटलं की तुम्ही आतून ओरडायचात, ‘तो म्हणजे काय?’

बाबा : मी इथे खिडकीशी गप्पा मारत होतो.

मुलगी : दुसरा सेन्सर आला, बाबा. सांगून झालं आणि डोळे उघडले. मग मधले म्हणाले, ‘सायलेन्सरबद्दल आम्ही विचारलं नव्हतं.’

आत्या : मग तू का सांगितलंस?

मुलगी : बाबांना बाहेर काढायला नको? काल आतच राहिले होते.

बाबा : पोरी. निकाल.

मुलगी : पास. तासाभरात फळ्यावर लावला. पास झाले, बाबा.

आत्या : मेले, हे आधी नाही सांगायचं?

बाबा : ये, जवळ बस. कसा काढलास मला बाहेर?

मुलगी : अहो, आत भोकाभोकांची नळी असते ना, तिच्यातून हे असं फिरत जातं, मग ते इथे आपटतं, मग असं वळून, असं—

बाबा : हात हलवते आहेस तू.

मुलगी : दिसतंय?

बाबा : दिसतंय. हलव.