दोन आवाजांचा नवरा

बर्डीवर कुहीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जणी उभ्या होत्या.

"इंदू, गणपतीत भाऊजीचा ऑर्केस्ट्रा पाहिला वं. चंद्रकलाच्या जागी दुसरी गाणारी ठेवली नाही काहून?"

"ती वारली तेव्हापासून ड्युएटमधल्या तिच्या ओळीबी हेच म्हणतात, मैनाबाई. बाईच्या आवाजात."

"हुबेहूब वं! लोकं टाळ्या वाजवून थकले."

"गणपतीतल्या त्या रात्रीपासून ह्यायचा स्वतःचा आवाज परत आलाच नाही. घरीबी तिच्याच आवाजात बोलून राहिले."

"रियाज करत असतील."

"मलेबी तसंच वाटलं. पण मले वैनी म्हणतात. चंद्रकला म्हणत होती तसंच."

"अरे बापा!"

"काल गुळाचा चहा मागितला. ह्यायनं जन्मात चहाले तोंड लावलं नाही. तिले मात्र गुळाचाच लागत होता."

"मंग तू काय केलं?"

"हिंमत करून विचारलं, 'बाई, आमचे हे कुठं हायेत?'"

"मंग?"

"हसली. म्हणे, 'येतील न, वैनी. माझी ओळ तर सरू द्या.'"