मंडपाला काच

चीनमधल्या सुचौ शहरात सकाळी नूडल्सच्या रांगेत माझ्यापुढे थांगशेठ आणि त्यांचे म्हातारे सुतार फू मिस्त्री उभे होते.

"मिस्त्री, बागेतल्या मंडपाला चारी बाजूंनी काच लावा."

"मग खोली म्हणा की शेठ! मंडपाला खांब आणि छप्पर, बास."

"वडील ऐंशीचे झाले. गार वारा लागतो, म्हणून बसतच नाहीत तिथे."

"गावी कुठे बसायचे?"

"वेशीबाहेर, रस्त्यावरच्या मंडपात. येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा पाजायचे."

"तिथे काच होती?"

"छे! बर्फ पडला तरी बसायचे."

"मग वाऱ्याला कशाला बोल लावता? मंडप मुळात वाटेवरचाच. दमलेल्याने टेकावं, पाहुण्याला तिथवर पोचवून निरोप द्यावा. बागेत नेला तो श्रीमंतांनी."

"बागेत काय वाईट आहे?"

"तुमच्या बागेत येतं कोण?"

"भिंत दोन पुरुष उंच आहे. मांजरसुद्धा येत नाही."

"मग मंडप उतरवतो आणि भिंतीबाहेर रस्त्याकडेला उभा करतो. सगळे सांधे लाकडातच आहेत, खिळा एक नाही. चार दिवसांचं काम."

"अहो, कुणीही येऊन बसेल तिथे!"

"बसू द्या की. मग वडीलही बसतील."