संपर्क तुटला

सत्यजीत : मग कलम नऊ वगळलं, असं लिहितो मी.

अनुया : सर, त्या एका कलमासाठी मी हा सगळा अभ्यासक्रम लिहिलाय. दोन वर्षं बसले होते त्यावर.

सत्यजीत : मान्य आहे हो, मॅडम. पण पीएच.डी.च्या पोराला तीन वर्षं मिळतात. तपासण्या, आकडेमोड, दोन पेपर, वर प्रबंध. आणि तुम्ही म्हणता, ज्याला ज्याला मशीनमध्ये फुंकायला लावलं, त्याच्या घरी जाऊन रिपोर्ट समजावून दिल्याशिवाय पदवीच नाही. कोण येईल आपल्याकडे? सगळे पुण्याला पळतील.

अनुया : विषयाचं नाव काय आहे आपल्या? ट्रान्सलेशनल सायन्स. प्रयोगशाळेतलं माणसापर्यंत पोहोचवायचं. आणि नेमकं पोहोचवायचंच कलम आपण काढतोय.

सत्यजीत : नावावर जाऊ नका. उद्या समिती येतेय. ते हेच धरून बसतील आणि कोर्स वर्षभर लटकेल. सहा मुलं ताटकळलीत. मनस्वीनं तर कामही सुरू केलंय. तिला काय सांगू, घरी जा?

अनुया : निदान ‘शक्य असल्यास’ असं तरी ठेवा.

सत्यजीत : ठेवतो. ‘शक्य असल्यास रिपोर्ट द्यावा.’ झालं समाधान?

अनुया : शक्य असल्यास म्हणजे कोणी जाणार नाही.

सत्यजीत : ते मलाही कळतं. सही करा. आणि बाहेर एक बाई सकाळपासून बसल्यात तुमच्यासाठी, त्यांचं बघा.

(अनुयानं सही केली. आपण हरलो हे तिला कळत होतं, आणि पेन खाली ठेवताना थोडं सुटल्यासारखंही वाटलं, त्याचीच तिला लाज वाटली. सत्यजीत कागद घेऊन गेले. दारात चपला काढून वेणू आत आली.)

वेणू : बाय, येऊ ना? मी वेणू. तळोज्याकडून आले. तुमच्या कॉलेजची पोरं आलेली आमच्या गावात, छातीची तपासनी करायला. चार वर्सं झाली.

अनुया : ते निनादचं काम. मीच त्याची गाइड होते. बसा, वेणूताई. चपला कशाला काढल्यात?

वेणू : निनाद, बरोबर. चांगला पोरगा. आमच्या वट्यावर बसून चा प्यायला. बोलला, काकी, पंधरा दिवसांत रिपोर्ट घेऊन येतो. हे कार्ड दिलेलं त्यानं.

अनुया : एकशे सतरा. तुळशीराम. तुमचे मिस्टर?

वेणू : हां. त्यांचा रिपोर्ट पायजे.

अनुया : निनाद आता परदेशात असतो. थांबा, यादी आहे माझ्याकडे. एकशे सतरा... इथे लिहिलंय, दुसऱ्या तपासणीला भेटले नाहीत. ‘संपर्क तुटला.’

वेणू : कोनी तोडला?

अनुया : तसं नाही हो. परत भेट झाली नाही की तसं लिहायची पद्धत आहे.

वेणू : पन आमी गेलो कुठं? घर तेच, दार तेच, फोनचा नंबर पन तोच. हे तर कॉलेजची पांढरी गाडी दिसली का वट्यावरनं उठून उभे राहायचे.

अनुया : मग तुम्हीच का नाही आलात विचारायला?

वेणू : आमी कशाला येऊ? तुमी येतो बोललेले ना? येतो बोललेल्या मानसाची वाट बघतात आमच्याकडं. आनि हे बोलायचे, वेनू, रिपोर्ट नाय आला म्हंजे काय नसंल. काय असतं तर पोरगा धावत आला असता. धाप लागायची, तरी गोनी उचलायचे. मी दुसरा डॉक्टर बघू बोलले तर माझ्यावरच खेकसायचे. एवढ्या मोठ्या मशीननी तपासलंय मला, बोलायचे.

अनुया : आता कसे आहेत?

वेणू : गनपतीच्या आधी गेले.

अनुया : अरे देवा.

वेणू : तुमी नका रडू, बाय. मला कागद द्या. आमचा पोरगा केतन यांच्याच कंपनीत लागलाय, यांच्याच पावडरच्या खात्यात. मी बोलते सोड. तो बोलतो, बाबा पावडरनी गेले कशावरनं? कागद हाय का तुझ्याकडं? म्हनून आले.

अनुया : सापडला. एक्कावन्न टक्के.

वेणू : म्हंजे?

अनुया : म्हणजे छाती निम्मीच चालत होती. वर्षानुवर्षं पावडर आत गेली की असं होतं, हे निनादनं शेजारी लिहून ठेवलंय. तेव्हा ते काम सुटलं असतं, औषध सुरू झालं असतं... मी खोटं नाही बोलणार, वेणूताई. कदाचित आज असते.

वेणू : कवाचा हाय हा आकडा?

अनुया : त्याच दिवसाचा. मशीन लगेच दाखवतं.

वेणू : म्हंजे तो आमच्याकडं चा पीत होता, तवा त्याला म्हाईत होतं?

अनुया : हो.

वेणू : मंग बोलला का नाय?

अनुया : आम्ही त्याला ते शिकवलंच नव्हतं. आकडे गोळा करायला शिकवलं, प्रबंध लिहायला शिकवलं. अशा एकेचाळीस जणांपुढे त्यानं ‘संपर्क तुटला’ लिहिलंय, आणि त्याखाली माझी सही आहे. पुढे कधीतरी ते वाचताना मला खुपलं, म्हणून एक कलम लिहिलं होतं, पुढच्या मुलांसाठी. तुम्ही बाहेर बसला होतात ना, तेव्हा तेही सोडून दिलं मी.

वेणू : मला तुमचं कलमबिलम नाय कळत. कागद द्या फक्त.

अनुया : देते, आत्ता छापून देते. आणि केतनला घेऊन या इथे. मी स्वतः तपासते त्याला.

वेणू : त्याची झाली की तपासनी. दिवाळीनंतर तुमचीच पोरगी आलेली, मनस्वी नावाची. तिनं पन मशीनमधी फुंकायला लावलं.

अनुया : मग? काय निघालं?

वेणू : रिपोर्ट घेऊन येते बोललीय. आला नाय अजून. केतन बोलतो, नाय आला म्हंजे काय नसंल.