खिडकीतला डबा

...अहो, शांत बसा म्हणे! मला! सकाळी आठपासून एका खुर्चीत बसवून ठेवलेलं, डाव्या हातात सुई, सुईला नळी, नळीला बाटली, बाटलीला चाकांचा दांडा, आणि वर ती सिस्टर येऊन सांगते, "आजी, किती चुळबुळ करताय, जरा शांत बसा की." अगं बाई, शांत बसायला मी काय भिंतीवरचा फोटो आहे? आमच्या घरात मला सलग दहा मिनिटं बसलेली कुणी पाहिली असेल तर हात वर करा! आणि इथे साडेअकरा वाजले, औषधाचा पत्ता नाही... आणि मी आपली बसलेय!

तुम्हाला सांगते, आधी औषध कसलं ते ऐका, नाहीतर म्हणाल म्हातारी उगाच किरकिरते. मला एक गाठ झाली होती, काखेजवळ, लिंबाएवढी. ती काढली. डॉक्टर म्हणाले, "आजी, गाठ गेली, पण तिची पिलावळ कुठे लपली असेल तर हुसकवायला चार पिशव्या लाल औषध द्यावं लागेल. दर एकवीस दिवसांनी एक. तारीख चुकवायची नाही." आणि बोट वर करून पुन्हा, "ता-री-ख." तीन पिशव्या झाल्या. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली, आरशात बघितलं की वाटतं हा कोण सोललेला बटाटा? पण तारीख? एक नाही चुकवली! ही चौथी, शेवटची. ही आत गेली की मी सुटले. आता सांगा, अशा दिवशी माणूस शांत बसेल?

आणि ते औषध बनवतं कोण माहितीये? आमची सूनबाई! त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर, त्याच लांबलचक बोळाच्या टोकाला. ओळखीच्या बायका म्हणतात, "तुमचं काय बाई, घरचंच औषध, तुम्हाला कसली रांग?" घरचं! अहो, घरचं म्हणून तर उशीर! परक्या बाईला मी दोन शब्द सुनावले असते, हिला सुनावून रात्री एकाच ताटाशी बसायचं आहे ना!

तिच्याकडे तीन खोल्या आहेत. मला लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा ऐकलं की ते माझ्या डोक्यातून हलत नाही, म्हणून ऐका. पहिल्या खोलीत मलमं आणि पातळ औषधं. मोठ्या माणसाची गोळी कुटायची, तोलायची, तान्ह्या बाळाला चालेल असं थेंबाथेंबाचं औषध करायचं. ते पोटात जातं, आणि पोट बिचारं पुष्कळ सोसतं. दुसऱ्या खोलीतलं जातं थेट रक्तात, आणि रक्त काही म्हणजे काही सोसत नाही, तिथे जंतूच्या बापालासुद्धा मज्जाव. आणि तिसऱ्या खोलीत माझं लाल औषध. ते रक्तात तर जातंच, वर बनवणारीच्या कातडीवर एक थेंब पडला तर कातडी खातं! मी म्हटलं, "अगं, मग तेच माझ्या अंगात घालता होय?" तर म्हणते, "आई, तुमच्या अंगात मापाने जातं." माप! तिचा जीवच मापात अडकलाय.

घरी तेच. मी आमटीत मीठ टाकते, ही मागे उभी. "आई, किती टाकलंत?" "लागेल तेवढं." "लागेल तेवढं म्हणजे किती ग्रॅम?" ग्रॅम! पन्नास वर्षं या हाताने मीठ टाकतेय, हात काय काट्यावर ठेवू? आणि हात धुणं बघा तिचं. नखं, बोटांच्या फटी, मनगट, कोपर... कोपर! मी विचारलं, "तू कोपराने जेवतेस का गं?" हसली नाही. त्या खोलीत जायचं तर अंगठी नाही, कानातलं नाही, पावडर नाही, सर्दी झाली तर जायचंच नाही. एक झगा, त्यावर दुसरा झगा, हातमोजे दोन-दोन, बुटांवर पिशव्या, त्याही दोन-दोन. आणि बाहेर पडायचं तर सगळं उतरवून फेकायचं, परत शिरायचं तर पहिल्यापासून. मी म्हटलं, हे औषध बनवणं आहे की चंद्रावर जाणं?

तर बारा वाजत आले... आणि मी आपली बसलेय! शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे, जन्मभर गाडीत तिकिटं तपासलेली, मी त्यांना टीसी म्हणते. टीसी घड्याळाकडे बघून म्हणतात, "एक तास चाळीस मिनिटं लेट." मी सिस्टरला हाक मारली. "अगं, रक्त नऊ-दहाला काढलंत, रिपोर्ट दहा-वीसला आला, आता काय औषध झाडाला लागायचंय?" तिने फोन केला. म्हणाली, "आजी, तुमच्या आधी सहा पिशव्या होत्या. एकेक करत चाललंय. आणि मॅडम सकाळी सातपासून आत आहेत, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत."

झालं! हे ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे. म्हणजे राग होताच, पण त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलं. सातपासून उपाशी! पोरगी आधीच काडीसारखी, उद्या चक्कर येऊन पडली तर लोक कुणाला नावं ठेवतील? सासूलाच! आणि माझ्या पिशवीत डबा होता, दोन कप्प्यांचा, पहाटे उठून केलेला, तिच्या आवडीचं सगळं. मला खुर्चीत बसवत नव्हतं ते नव्हतंच. मी उठले. दांडा ढकलत, चाकं करकर वाजवत, निघाले बोळातून. टीसी मागून म्हणतात, "आजी, परवानगी?" म्हटलं, सून माझी, परवानगी कुणाची!

बोळाच्या टोकाला मोठी काच. काचेशेजारी भिंतीत एक कपाटासारखी खिडकी, तिला एक दार बाहेरून, एक आतून. औषध तयार झालं की आतून ठेवायचं, ते दार लावायचं, मग बाहेरच्याने उघडून घ्यायचं. वर एक दिवा. तो लाल असला की हात लावायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक, तिनेच सांगितलंय. पण दिवा लालही नाही आणि हिरवाही नाही, गेलेला! शेजारी कागद चिकटवलेला, आता त्यावर काय लिहिलंय ते मला काय कळणार? मी काचेतून बघितलं. सूनबाई आत, दोन झगे, टोपी, मास्क, चष्मा, हात काचेच्या एका कपाटात, ज्यात सतत गाळलेला वारा सोडतात. फक्त डोळे दिसतात. पण डोळे मी ओळखले. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी दूध उतू घालवलं तेव्हा असेच रोखून बघितलं होतं तिने... पातेल्याकडे.

मी दार उघडलं. समोर पाहते तर आतलं दारही बोटभर उघडं, नीट लागलेलं नव्हतं. आणि मी हात घालून डबा अलगद आत ठेवला.

टीं! टीं! टीं! टीं!

अहो, काय ती बेल! आग लागली असं वाटलं. आत सूनबाई जागच्या जागी पुतळा. एका हातात लाल कुपी, दुसऱ्यात सुई, सुई कुपीत. भिंतीवरच्या जाळीतून तिचा आवाज आला, स्टेशनवर गाडी लागल्याचं सांगतात तसा, "आई. हात बाहेर."

"अगं, डबा आणला..."

"हात. बाहेर. दार. लावा. मागे. व्हा."

लावलं बाई, झाले मागे! बेल थांबली. आणि बघते तर ही ती कुपी, ती सुई, ती अर्धी भरलेली पिशवी, सगळं एका पिवळ्या डब्यात टाकतेय. मी जाळीला तोंड लावून ओरडले, "अगं अगं, हे काय?"

"टाकावं लागतं, आई. त्या खोलीतली हवा बाहेर जायची नाही, आणि बाहेरची आत ओढली गेली तर कपाटाचा वारा बिघडतो. दोन्ही दारं उघडल्यावर बाहेरचा झोत सरळ आला. आणि सुई कुपीत होती."

मला फार वाईट वाटलं हो. म्हटलं, "अरेरे, कुण्या गरिबाची होती गं पिशवी?"

"तुमची."

घ्या!

आता मी काय सोडते? मी म्हटलं, "मग माझीच आहे ना? माझं मी बघते. मी जन्मभर उघड्यावर शिजवलं, उघड्यावर जेवले, मला काय होतंय वाऱ्याने?" तर म्हणते, "आई, या औषधाने तुमच्या पांढऱ्या पेशी निम्म्यावर आल्यात. एक जंतू आत गेला तर त्याच्याशी भांडायला आत कुणी नाही." मी आवाज खाली आणला. "अगं, बघितलं कुणी? तू आणि मी. मी नाही सांगत कुणाला." ती जाळीजवळ आली. डोळे लाल झाले होते, चष्म्यामुळे की कशाने कोण जाणे. म्हणाली, "मी बघितलंय ना, आई."

खोटं कशाला बोलू? माझ्या स्वयंपाकात केस निघाला, कुणी बघितलं नाही, तो काढून तेच ताटात वाढलंय मी. एकदा नाही, चारदा. हिलाही वाढलंय. तेव्हा मी जाळीपासून तोंड मागे घेतलं.

पण खरी गंमत, गंमत कसली, खरी पंचाईत पुढेच. ती म्हणाली, "ही शेवटची कुपी होती. नवा माल शुक्रवारी येतो." आणि त्या दिवशी वार होता मंगळवार! आणि डॉक्टरांचं ते बोट माझ्या डोळ्यापुढे उभं! ता-री-ख! तीन पिशव्या सोसल्या, बटाटा झाले, आणि चौथी मीच माझ्या हाताने पिवळ्या डब्यात घालवली? सूनबाई जाळीतून म्हणाली, "मी नदीपलीकडच्या हॉस्पिटलला फोन लावते. तुम्ही जाऊन बसा. आणि आई, आधी हात धुवा."

सिस्टरने मला धरून नळाशी नेलं आणि स्वतः मोजत उभी राहिली. "नखं, आजी. फटी. एकवीस, बावीस... अंगठा राहिला. पहिल्यापासून." त्या पोरीने माझ्यावर सगळा सूड उगवून घेतला बघा!

आणि मग... मी आपली बसलेय. पण आता कशी? हलले नाही. एकदा नाही. आत पाच जणी ती खोली वरपासून खालपर्यंत पुसत होत्या, भिंती, छत, कपाट, भिंतीवरचा हवेचा काटा जागेवर यायची वाट बघत होत्या. एक वाजला. दोन वाजले. सहाला हा विभाग बंद होतो. मी दाराकडे बघतेय. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नसेन. सिस्टर घाबरली, येऊन नाडी बघते, "आजी, बरं वाटत नाही का? चुळबुळ नाही, काही नाही?" म्हटलं, "बसलेय ना! सकाळपासून तेच सांगत होतीस ना!" टीसींची पिशवी संपली होती, त्यांना घरी जायचं होतं, तरी ते उठेनात. म्हणाले, "गाडी लेट आहे, रद्द नाही झालेली." मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "रद्द झाली की सांगणारे तोंड लपवतात. तुमची सून तीनदा दारापर्यंत येऊन तुमच्याकडे बघून गेलीये."

तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस धावत आला, छातीशी थंडगार पेटी धरून, बाळ आणावं तशी. आणि मग पुन्हा पहिल्यापासून! नखं, फटी, मनगट, कोपर, दोन झगे, चार हातमोजे. घाई? नाव नाही! माझा जीव टांगणीला, आणि ही कुपीचं तोंड पुसून ते वाळायची वाट बघतेय! मला हे सिस्टरने येऊन सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, पहिल्यांदाच मला वाटलं, पूस बाई. पूस. दोनदा पूस.

चार-पंचवीसला पिशवी आली. लालभडक. दोन सिस्टर समोरासमोर उभ्या राहून माझं नाव, वय, माप मोठ्याने वाचतात, एकीचं दुसरी तपासते. लावली. थेंब पडला, दुसरा पडला, आणि टीसी उठले, टोपी घातली, म्हणाले, "आता निघतो," आणि गेले.

मग सूनबाई आली. चेहऱ्यावर मास्कचा वळ, केस घामाने चिकटलेले. मी वाट बघतेय, आता बोलेल, आता बोलेल. तर ही आपली माझ्या नळीतले थेंब मोजत उभी! म्हटलं, "जेवलीस?" म्हणाली, "कँटीनमध्ये. उभ्याने." म्हटलं, "आणि माझा डबा?" "पिवळ्यात टाकला, आई. तो त्या खिडकीत गेला, आता कुणीच उघडायचा नाही. जाळतात ते." जाळतात! आतलं जेवण चमच्यालाही न लागता!

हातात तिच्या एक कागद होता. म्हणाली, "आई, बेल का वाजली ते लिहून द्यावं लागतं. दिवा गेला होता, आतलं दार मी नीट लावलं नव्हतं, ते लिहिलंय." मी म्हटलं, "तुझं कशाला लिहितेस? माझं लिही. स्वच्छ लिही, सासूने केलं." तिने कागद वर-खाली बघितला, पेनाचं टोक गालाला लावलं. "आई, 'दार कुणी उघडलं' याच्यापुढे चौकोन आहेत. एक डॉक्टर, एक नर्स, एक सफाई कामगार, एक रुग्ण..."

"मग रुग्ण लिही. आहेच की मी."

"रुग्ण डबा आणत नाही, आई."

पेन एकेका चौकोनावरून खाली सरकवलं तिने. मग एका चौकोनात खूण केली, आणि मला वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवली.

पन्नास वर्षं घर चालवलं, तिला घरात आणली ती मी, तिच्या दोन बाळंतपणांत रात्र-रात्र जागले ती मी... आणि सरकारदरबारी माझी नोंद काय? तर...

"इतर"!