एक बॅटरी की दोन?

केप टाउनच्या मिचेल्स प्लेन भागातल्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात झुबेदा रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या नवरा-बायकोचं काही केल्या ठरेना.

“दोन बॅटऱ्यांचंच घेतो, गदीजा. दिवसभर चालतं.”

“अन् केवढं जड आहे! खिशात टाकलंस की पँट खाली येईल.”

“पट्टा लावीन.”

“रशीदाच्या लग्नातही पट्टा लावला होतास, फाल्डिएल. इमामसाहेबांसमोर काय झालं?”

“तेव्हा खिशात किल्ल्या होत्या!”

“नुसत्या किल्ल्यांनी घसरली, हे तर विटेएवढं आहे. एका बॅटरीचं घे.”

“ते दुपारीच मान टाकतं. त्यात लाइट गेलेली असली, तर चार्ज कुठे करू?”

“करूच नकोस. परवा लाइट गेली, तुझं वेप बंद पडलं, तेव्हा तू माझ्याशी अख्खी संध्याकाळ बोललास.”

फाल्डिएलनं विचारलं, “काय बोललो?”

“वेप बंद पडलं म्हणून रडत होतास. पण बोललास तरी!”

झुबेदानं हसू ओढणीत दाबलं. दुकानदारानं विचारलं, “मग कुठलं देऊ, काका?”

फाल्डिएलनं बायकोकडे पाहिलं. “द्या एका बॅटरीचं.”

“आणि चार्जर?”

“तो माझ्या पर्समध्ये टाका,” गदीजा म्हणाली.