कुलूप आन् किटली

…आन् दाराला कुलूप! आता तुमीच सांगा राव, संडासाला कोन कुलूप लावतं? भिताडाला गुलाबी रंग, वर बाईचं चित्र, सगळं झ्याक… आन् कडीला ह्ये एवढं कुलूप! तुमाला सांगते, कळंबच्या ह्या बटाट्याच्या कंपनीत मी, प्रयागबाई, बटाटा निवडायला बसले तवापासनं मुकादमाला सांगतेय, "दादाभाऊ, बायकांची सोय करा." त्यो म्हनतो, "बघू, वर कळवतो." वर म्हंजी कुठं, पत्र्यावर? आमचं कोन ऐकतंय!

जायचं तर उसाच्या कडंला, आन् उसात बिबट्या! मग काय, पानीच प्यायचं न्हाई. चहाची किटली यायची तशी भरलेली माघारी जायची. "बायकांना चहा आवडत न्हाई," ह्ये मातर दादाभाऊनं लगीच वर कळवलं!

आन् एक दिस कंपनीत ही पळापळ! का, तर मुंबईचा कुठला फंड कंपनीत पैसा घालनार, पन त्याआदी बघनार… सांडपानी कुठं सोडता, बायामानसांना कसं वागवता. आमी इतकी वर्सं बोंबललो तर वीट हलली न्हाई, आन् पैसेवाल्यानं नुसतं इचारलं तर संडास उभा! पन कुलूप. "पावण्यांनी बघितल्याबिगर घान करायची न्हाई!" म्हनं.

आल्या फंडाच्या मॅडम. पोरसवदा, गोड. आता पावणं आलं आन् चहा न्हाई, असं आपल्यात व्हतं का? मी दिला, माझ्या शेजारी निवडायला बसती त्या साळुबाईनं दिला, पलीकडच्या बायका रुसल्या, "आमच्या हातचा चालत न्हाई व्हय?" त्यांचा बी घेतला बिचारीनं. मग म्हनती, "तुम्ही नाही घेत?" साळुबाई पटकन बोलून गेली, "प्यालो तर जायचं कुठं?" दादाभाऊला ठसका!

घटकाभरानं मॅडम माझ्या कानात, "मावशी, मलाच जायचंय." दादाभाऊ खिसं चाचपतोय… चावी सायबाकडं, आन् सायेब मंचरच्या ट्राफिकमधी! मी म्हनलं, "चला उसाकडं, पन टाळ्या वाजवत चला, बिबट्या असतो." निघालो दोघी टाळ्या वाजवत. तेवढ्यात उसात सळसळलं… कुत्रं व्हतं वो, पन मॅडम माझ्या आदी कंपनीत! "कुलूप तोडा! आत्ता! नाहीतर पैसा विसरा!" दादाभाऊनं सोताच्या हातानं दगड घातला कुलपाला.

मॅडमच्या मागनं मी गेले. कडी लावली, नळ सोडला… खोटं कशाला सांगू, डोळं भरून आलं. टाळ्या न्हाईत, भ्या न्हाई. लई हलकं वाटलं बगा.

आता कुलूप गेलं ते गेलंच. सगळ्याजनी पोटभर पानी पित्यात, चहा पित्यात. पन किटली तेवढीच! माझ्यापत्तर येईस्तवर तळाला नुसता चोथा. म्हनलं, "दादाभाऊ, किटली मोठी आना." तर म्हनतो कसा, "बघू, वर कळवतो."

आमचं कोन ऐकतंय! आता किटलीसाठी पुन्यांदा मॅडमचीच वाट बघायची.